उमरावतीच्या गाठी, कोकणातले खलाशी

वऱ्हाडाला समुद्र नाही. बडनेऱ्याहून मुंबई रुळांच्या अंतराने साडेसहाशे किलोमीटरांच्या पुढे आहे आणि आयुष्यात एकदाही समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसं आमच्याकडे आजही गावोगाव भेटतात. तरी पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारट लागतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या खारपाणपट्ट्यात पूर्वी काही विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढत. अमरावती जिल्ह्यातलं काही पाणी वर्धा नदीतून बंगालच्या उपसागराकडे जातं, तर काही पूर्णेतून तापीला मिळतं आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात पोचतं. आमच्या कापसाने मात्र एकच वाट धरली, मुंबईच्या गोदीची. दीडशे वर्षं त्याच वाटेने तो इंग्लंडला, युरोपला, जपानला गेला.

त्या वाटेने मुंबईपर्यंत जायचं असं मी ठरवलं. आमच्या गाठी समुद्रापार नेणारे खलाशी कोण होते आणि त्यांतले जे परत आले नाहीत त्यांची नावं कुठे लिहिलेली आहेत का, हे मला पाहायचं होतं. कापसाच्या इतिहासात व्यापारी येतात, दलाल येतात, कलेक्टर येतात, शेतकऱ्याची कर्जं येतात. जहाजावरचा माणूस त्यात कुठेच येत नाही.

निघण्याआधी यावलीला जाऊन आलो. अमरावतीजवळचं हे गाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मगाव. १९४२ च्या चळवळीत इथले गावकरी मारले गेले, म्हणून गावाचं नावच यावली शहीद झालं. वरुडकडचं बेनोडा शहीदही तसंच. महाराष्ट्रात अशा गावांमध्ये सरकारने पुढे हुतात्मा स्मारकं उभारली. यावलीत हुतात्म्यांविषयी विचारलं की लोक घर दाखवतात, नातू कोण ते सांगतात. साध्या माणसांचं स्मारक कसं असावं याचं एक माप इथून सोबत घेऊन निघालो: नाव असावं आणि ते नाव ओळखणारं कोणी जवळ असावं.

बडनेऱ्याहून गाडी निघाली की अर्ध्या-पाऊण तासात मूर्तिजापूर येतं. अचलपूर आणि यवतमाळ या दोन टोकांना जोडणाऱ्या शकुंतलेचं हे जंक्शन. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात बांधली ती मुख्यतः कापसासाठी. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत माजलं आहे. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूर-यवतमाळची माणसं मागणी करत आली आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

या सगळ्या रुळांचं मूळ कापसात आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरीकडे पाहावं लागलं. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे त्याच सुमारास भुसावळला पोचली होती. १८६५ साली थळ घाटातून गाडी धावू लागली आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला लागले. मुख्य मार्गापासून थोडी बाजूला राहिलेली दोन मोठी कापूसपेठांची गावं, खामगाव आणि अमरावती. त्या दोन्ही गावांना स्वतंत्र फाटे मिळाले. जलंब-खामगाव फाट्याच्या वेळी, १८७० साली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावात आले होते. जेमतेम आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळी या मालाची किंमत काय होती ते कळतं.

अकोल्याला उतरून एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेलो. हंगाम होता, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. कापूस वेचून येतो तो सरकीसकट. रेच्यांमध्ये सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते, आणि प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली जाते. आजची गाठ १७० किलोची. इंग्रजांच्या काळातली मुंबईची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलोंच्या आसपास होती. इतकं दाबायचं कारण जहाज. जहाजावर भाडं जागेचं लागतं, म्हणून त्याच वजनाची गाठ जितकी लहान तितकी ती व्यापाऱ्याला स्वस्त पडते. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा, जिथे जिथे प्रेस आल्या तिथे राली ब्रदर्स, फोल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांचे खरेदीदारही आले. पुढे जपानी कंपन्यांची माणसं आली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाड आणि मध्य हिंदुस्थानचा कापूस ‘उमरा’ नावाने विकला जाई. हे नाव उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचं. तिकडच्या दलालाला अमरावती नकाशावर दाखवता आली नसती, पण भाव तो रोज वाचत असे.

१८६९ साली सुएझचा कालवा होईपर्यंत हा माल आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी जाई आणि त्यात कित्येक महिने लागत. कालव्यानंतर आगबोटींचं राज्य आलं. १८९३ पासून मुंबई-कोबे अशी जपानी कंपनीची नियमित आगबोट सुरू झाली. तिच्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता आणि कापूस हाच तिचा मुख्य माल होता. शिडाचं जहाज असो की आगबोट, त्यावर माणसं लागतच. ती माणसं वऱ्हाडातली नव्हती. ती रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतल्या खाड्यांवरची होती, गोव्याची होती, काठेवाडची होती, आणि कलकत्त्याच्या बाजूने गेली तर सिल्हेट-चितगाव-नोआखालीची होती.

भुसावळ, मनमाड, इगतपुरी. घाट उतरताना रात्र झाली.

मुंबईत हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. आधी मुंबईचा कापूस कुलाब्याला उतरे. विसाव्या शतकात बंदर ट्रस्टने शिवडी-माझगावच्या बाजूला भराव घालून स्वतंत्र रेल्वे आणि गोदामं बांधली आणि कापसाचा बाजार इकडे आला. वऱ्हाडातून निघालेल्या वाघिणी इथपर्यंत येत. कापूस बाजाराची जुनी इमारत अजून उभी आहे. गोदामांच्या लांबलचक रांगांमधून चालताना गाठींची मोजदाद डोळ्यांपुढे येते. आता आपला निर्यातीचा कापूस कंटेनरमध्ये भरून बहुधा न्हावाशेव्याहून जातो आणि या रस्त्यांवर कापसाचा धागाही दिसत नाही.

तिथून खाली भाऊच्या धक्क्याकडे आलो. रेवसकडे जाणाऱ्या लाँचींची गर्दी होती. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, सकाळी याच धक्क्यावरून ‘रामदास’ ही बोट रेवसला निघाली. गिरणगावातले, गिरगावातले चाकरमानी सणाला गावी चालले होते. वादळी वारा आणि उसळलेल्या लाटांत बोट कलंडली, सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून बुडणाऱ्यांना वर काढलं, म्हणून काही जीव वाचले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्याआधी, १९२७ च्या नोव्हेंबरात, कोकण किनाऱ्यावरच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. कोकणातल्या घरांमध्ये या तीन बोटींची नावं अजून घेतली जातात. वऱ्हाडात जसा दुष्काळाच्या सालावरून काळ सांगतात, तसा तिकडे या बोटींवरून सांगतात.

धक्क्यावरून मशीद बंदरला. स्टेशनच्या पूर्वेला, घाऊक बाजाराच्या गजबजाटात आणि गोदीच्या भिंतीच्या सान्निध्यात इंडियन सेलर्स होम आहे. बाहेरून ती राहण्याची इमारत वाटते, आणि ती तशीच आहे: जहाजाची वाट पाहणारे किंवा जहाजावरून उतरलेले खलाशी इथे राहतात. पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदुस्थानी दर्यावर्दींच्या स्मरणार्थ वर्गणीतून ही वास्तू उभारली गेली आणि १९३१ मध्ये ती सुरू झाली. तिच्यातल्या स्मृतिसभागृहात कांस्याच्या फलकांवर दोन हजारांहून अधिक नावं आहेत. ही रॉयल इंडियन मरीनची आणि व्यापारी जहाजांवरची माणसं. समुद्र हीच ज्यांची कबर, अशांची ही यादी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी फलकांऐवजी पुस्तक केलं गेलं. त्यात सुमारे साडेसहा हजार नावं आहेत. काहीशे नावं नौदलाची आणि बाकी जवळजवळ सगळी व्यापारी जहाजांवरची. या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एक मुंबईत, या इमारतीत. दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत, म्हणजे आज बांगलादेशात. मला सर्वांत जास्त थांबवलं ते या गोष्टीने. देशाचे आधी दोन आणि मग तीन तुकडे झाले, सैन्य वाटलं, खजिना वाटला, सरकारी टेबलखुर्च्याही वाटून घेतल्या. ही यादी कोणी वाटली नाही. मुंबईच्या प्रतीत सिल्हेटचा आगवाला आहे आणि चितगावच्या प्रतीत रत्नागिरीचा सारंग आहे.

नावं वाचत गेलं की जहाजाची रचना कळते. आगबोटीवर डेकची माणसं वेगळी, इंजिनाची वेगळी, खानपानाची वेगळी. डेकवर सारंग प्रमुख, त्याच्या हाताखाली टिंडल, सुकाणू धरणारे सुकाणी, भांडार सांभाळणारा कसाब आणि साधे खलाशी. खाली इंजिनखोलीत आगवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकघरात भंडारी. रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान आणि काठेवाडचे खारवी डेकवर मोठ्या संख्येने असत. पंजाबी, पठाण, सिल्हेटी इंजिनखोलीत असत. सलूनमध्ये, म्हणजे खानपानाच्या विभागात, बहुतेक गोवेकर ख्रिस्ती होते आणि धोबी तलावाच्या परिसरातल्या आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात, ते जहाज मिळेपर्यंत राहत. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या दर चार-पाच माणसांमागे एक हिंदुस्थानी होता. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास. १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच हिंदुस्थानी खलाशांनी परदेशी बंदरांत पगारवाढीसाठी काम थांबवलं, कित्येकांना तुरुंगात टाकलं गेलं, पण पगार वाढवावा लागला.

युद्धात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, आदळतो तो पाण्याच्या पातळीखाली, आणि तिथेच इंजिनखोली असते. डेकवरच्या माणसाला होडीपर्यंत पोचायला काही मिनिटं तरी मिळत. खाली भट्टीशी काम करणाऱ्याला शिडी चढून वर येणंसुद्धा नशिबात नसे. यादीत इतके आगवाले आणि कोळसेवाले का आहेत याचं उत्तर हे आहे. हे लोक सैनिक नव्हते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, कोळशाचं फावडं होतं. धान्य, चहा, ताग, कापूस, दारूगोळा, जे भरलं जाई ते नेण्यासाठी लागणारी आग ते पेटती ठेवत.

लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांचं भव्य स्मारक आहे. पहिल्या महायुद्धासाठीचा त्याचा भाग ल्यूटेन्सने रचला आणि १९२८ मध्ये तो खुला झाला. त्याच जहाजांवर त्याच क्षणी मेलेल्या हिंदुस्थानी खलाशांची नावं मात्र तिथे नाहीत, ती मुंबईला आहेत. कलकत्त्यात हुगळीकाठी १९२४ चा लस्करांचा, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांचा, उंच स्तंभ आहे, बंगाल, आसाम आणि उत्तरेकडच्या ८९६ खलाशांसाठी. स्तंभ लांबून दिसतो, त्याचे फोटो निघतात. मुंबईचं स्मारक रस्त्यावरून दिसतच नाही. तरीही माझं मत असं झालं की तिन्हींत मुंबईचंच अधिक योग्य. मेलेल्यांच्या नावाने दगड उभा करण्याऐवजी जिवंत खलाशाला डोक्यावर छप्पर दिलं आणि त्या छपराखाली नावं लावली. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना समुद्रावरच्या माणसाची गरज नेमकी ठाऊक होती.

तिथे गुहागरकडचे एक वयस्क गृहस्थ भेटले. आयुष्यभर बोटीवर काढलेले, आता कागदपत्रांच्या कामाला आले होते. मी अमरावतीचा म्हटल्यावर नवल वाटलं त्यांना. “तुमचा काय संबंध, भाऊ?” मी कापसाचं सांगितलं. ते म्हणाले, “मग बरोबर आहे. तुमचा माल, आमची माणसं.” त्यांच्याकडून कोकणातली एक रीत कळली. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. मृतदेह समोर नसतानाही जनाज्याची नमाज त्या पंथात पढता येते. म्हणून बोट बुडाल्याची खबर आली की गावच्या मशिदीत गायबाना नमाज होई आणि घरच्यांना निदान एक दिवस ठरवून रडता येई. हिंदूंमध्ये अशा वेळी पालाशविधी करतात: पळसाची पानं आणि दर्भ यांची माणसाची आकृती करून तिला अग्नी देतात. आमच्या मेळघाटात पळस केवढा तरी फुलतो, पण त्याचं हे काम मला माहीत असलं तरी समुद्राशी जोडून कधी मनात आलं नव्हतं. गोव्याच्या घरांत मिस्सा होई. तिन्ही धर्मांनी रिकाम्या हाताने निरोप देण्याची सोय करून ठेवली आहे, कारण किनाऱ्यावर ती वेळ वारंवार येते.

दरवर्षी राष्ट्रीय सागरी सप्ताहात इथे पुष्पचक्र वाहतात. सागरी दिन ५ एप्रिलला असतो. १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली होती. त्या कंपनीच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे तेही कापसाच्या आणि गिरण्यांच्या मुलखातले. पाळण्यात समुद्र न पाहिलेल्या माणसाने भारतीय जहाजधंदा उभा केला, हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला हवं.

सेलर्स होमपासून जवळच व्हिक्टोरिया गोदी होती. आता ती बुजवली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि त्याच्या वर-खाली कराचीहून आणलेल्या कापसाच्या ८७०० गाठी होत्या. तेलाची पिंपंही होती, सोन्याच्या विटाही होत्या. आग धुमसत राहिली ती कापसात. दाबलेली गाठ वरून विझलेली वाटते आणि आत जळत राहते, हे आमच्या जिनिंगमधला कोणताही मजूर सांगेल. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. एकूण मृतांचा आकडा आठशे ते तेराशेपर्यंत निरनिराळा सांगितला जातो, आणि त्यात किती खलाशी, किती गोदी कामगार, किती रस्त्यावरची माणसं, हे नीट सांगणं अवघड आहे. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जवानांचं स्मारक आहे, आणि १४ एप्रिलपासूनचा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. जवानांची नावं राहिली, कारण ते एका दलाचे होते, त्यांची हजेरी होती. बिगारी कामगाराची हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि मुकादमही गेला, वहीही गेली.

बॅलार्ड पिअरकडे गेलो तेव्हा ‘तिलावा’ मनात होती. १९४२ च्या नोव्हेंबरात ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मुंबईहून मोंबासा-दरबानच्या दिशेने निघाली. २३ तारखेला सेशेल्सच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने तिला बुडवलं. ९५८ जणांपैकी २८० गेले. त्या ९५८ मध्ये २२२ नोकरवर्ग होता, बाकी बहुतांश प्रवासी. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ आणि ‘कार्थेज’ या जहाजांनी मुंबईला आणलं. २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी, वाचलेल्यांपैकी हयात असलेले आणि मृतांचे वंशज बॅलार्ड इस्टेटमध्ये जमले आणि पहिल्यांदाच एवढा मोठा स्मृतिकार्यक्रम झाला. तिच्यावरची चांदी मात्र शोधून २०१७ सालीच समुद्रतळातून वर काढण्यात आली होती. चांदी आधी वर आली, आठवण त्यानंतर पाच वर्षांनी.

फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंती संगमरवरी स्मारकांनी भरल्या आहेत. कॅप्टन हार्डिंज १८०८ मध्ये फ्रेंच जहाजाशी लढताना मारला गेला, त्याचं शिल्प मोठं आणि खरोखर सुंदर आहे. पण इथे खलाशी शोधू नये. त्या शतकातली रीतच अशी होती की जहाजाचं नाव आणि कप्तानाचं नाव दगडावर येई, उरलेले ‘आणि त्याचे शूर सहकारी’ यात संपत.

म्हणूनच बोरिवलीच्या एकसरला जाऊन मला इतका आनंद झाला. उपनगरातल्या इमारतींमध्ये तिथे वीरगळ उभे आहेत, माणसाहून उंच शिळा. वीरगळ वऱ्हाडातही देवळांशेजारी सापडतात: खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा वीराला नेताना, त्याहून वर शिवपूजा, माथ्यावर कलश. एकसरच्या शिळांतल्या काहींवर लढाई समुद्रातली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं एकमेकांवर चालून येताहेत, पाण्यात माणसं पडली आहेत. काही अभ्यासक या शिल्पांचा संबंध तेराव्या शतकात कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा यादवराजा महादेवाने केलेल्या पराभवाशी जोडतात, काही त्यांना त्याहून जुनी मानतात. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की सोमेश्वर महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रात बुडणं पत्करून गेला. हा तोच हेमाद्री, ज्याच्या नावाने आपण बार्शीटाकळीपासून लोणारपर्यंतच्या जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणतो. वऱ्हाड त्या वेळी यादवांच्या राज्यात होतं. म्हणजे समुद्रावरच्या त्या लढाईत जिंकणारं राज्य आमचं आणि बुडणारे कोकणचे, आणि शिळा मात्र बुडालेल्यांच्या बाजूलाही वाहिलेल्या असणार, कारण त्या पराभूतांच्याच मुलखात उभ्या आहेत. शिल्पकाराने राजा जेवढ्या बारकाईने कोरला तेवढ्याच बारकाईने वल्ही मारणारे कोरले आहेत. त्या शिळांवर आज एकही नाव वाचता येत नाही, पण वल्हेकऱ्यांचे हात मोजता येतात.

मी ज्या प्रश्नासाठी निघालो होतो त्याचं उत्तर अर्धंच मिळालं. युद्धात मेलेल्या खलाशांची नावं आहेत, जपून ठेवलेली आहेत. शांततेच्या काळात मेलेल्यांची अशी यादी नाही. उमराच्या गाठी भरलेली शिडाची जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वादळात सापडली, तांबड्या समुद्रात भट्टीसमोर आगवाले कोसळले, बंदरात तापाने गेले, यांतला कोणीही मशीद बंदरच्या फलकावर येऊ शकत नाही, कारण तो शत्रूच्या हाताने मेला नाही. हा नियम मला मान्य नाही. समुद्रावर काम करणाऱ्याला समुद्र हाच धोका असतो, युद्ध तर कधीतरी येतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. त्यांत वेल्डर होते, रंगारी होते, फिटर होते, देशाच्या समुद्र नसलेल्या मुलखांतले. त्यांची नावं कुठल्या भिंतीवर येतील याची सोय आजच करायला हवी, ऐंशी वर्षं थांबून नव्हे.

वऱ्हाडापुरतं एक करता येण्यासारखं आहे. अकोला, अमरावती, खामगाव यांपैकी कुठल्याही कापूस बाजार समितीने आपल्या आवारात एक साधी शिळा लावावी आणि तिच्यावर लिहावं की इथला माल ज्यांनी समुद्रापार नेला त्या खलाशांच्या स्मरणार्थ. नावं मिळणार नाहीत, पण कामं लिहिता येतील: सारंग, सुकाणी, खलाशी, आगवाला, भंडारी. दरवर्षी ५ एप्रिलला तिथे दोन फुलं ठेवायला फार खर्च येणार नाही.

आणि ज्यांच्या घरात ‘आजोबांचा भाऊ लढाईत बोटीवर गेला तो आलाच नाही’ अशी आठवण आहे त्यांच्यासाठी: राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाची नोंदवही सर्वांना विनामूल्य पाहता येते. बहुतेक खलाशांची नोंद एकाच नावाने आहे, तेही इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं, म्हणून स्पेलिंग बदलून शोधावं. जहाजाचं नाव ठाऊक असेल तर त्यावरून शोधणं अधिक सोपं. नाव सापडलं तर मुंबईला जाऊन मशीद बंदरच्या त्या सभागृहात ते एकदा मोठ्याने वाचा.